निकेल-एनटीए रेझिन: नऊ महिन्यांचा वापर आणि त्या ५० टक्के स्लरीचा हिशेब

जूनमध्ये एका दुपारी प्रोटीन शुद्ध करायचा आमचा निळा कॉलम, म्हणजे निकेल-एनटीए रेझिन भरलेली नळी, डोळ्यांदेखत पांढरा पडला. तेव्हाच ठरवलं की या रेझिनबद्दल सविस्तर लिहायचं. कंपनीचं नाव देत नाही. थोडक्यात: हे रेझिन म्हणजे निकेल धरून ठेवणारे बारीक मणी. प्रोटीनला जोडलेली हिस्टिडिनची शेपटी, म्हणजे हिस टॅग, त्या निकेलला चिकटते, आणि इमिडाझोल तिची जागा घेऊन प्रोटीन सोडवतं.

आधी पैशांचं. नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवली, सगळ्यात स्वस्त म्हणून हे मंजूर झालं. बाटली १० मिलीची, पण ते माप स्लरीचं, म्हणजे द्रवात मिसळलेल्या रेझिनचं. खाली बसू दिल्यावर रेझिन भरलं ५ मिली, वर सगळं २० टक्के इथेनॉल. दुसऱ्या कोटेशनमधले २५ मिली हे बसलेल्या रेझिनचं माप होतं, स्लरी ५० मिली मिळणार होती. म्हणजे तक्त्यात आम्ही एकाची स्लरी आणि दुसऱ्याचं रेझिन शेजारी शेजारी मांडून भाव ताडला! बसलेल्या मिलीमागे हिशेब केला तर आमचंच महाग. वर माहितीपत्रकात क्षमता (किती प्रोटीन धरेल ते) लिहिलीय ‘मिलीमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत’, आणि ती मात्र बसलेल्या मिलीची. प्रकल्पात कन्झ्युमेबल्सला पैसे असतात किती? या एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

काम मात्र चोख. आम्ही मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२ हे एन्झाइम बनवतो, २९ किलोडाल्टनचं. बीएल२१ पेशी (ई. कोलाय जिवाणू), आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) दिल्यावर १८ अंशांवर रात्रभर, माध्यमात थोडं झिंक सल्फेट, कारण या एन्झाइमच्या गाभ्यात झिंक लागतं. २० मिलिमोलर इमिडाझोलने धुवायचं, २५० ने उतरवायचं. मे अखेरपर्यंत अकरा वेळा तोच २ मिलीचा कॉलम वापरला आणि जेलवर दर वेळी एकच ठसठशीत बॅण्ड आला, म्हणजे प्रोटीन शुद्ध.

मग जून. सॅम्पल चढवलं आणि खालून येणारं फ्लो-थ्रू फिकट निळं दिसायला लागलं. वरून रेझिन पांढरं. जेलवर आमचं सगळं प्रोटीन फ्लो-थ्रूमध्येच. मी लगेच फोन लावला, बरंच सुनावलं, रेझिन बदलून मागितलं. पलीकडच्या मुलाने शांतपणे विचारलं, ‘मॅडम, लायसिस बफरमध्ये काय काय आहे?’

इथे मला मत बदलावं लागलं. लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, आम्ही प्रोटिएज इनहिबिटरच्या (प्रोटीन तुटू न देणाऱ्या) गोळ्या टाकतो. जुन्या संपल्या होत्या. नव्या आल्या त्या ईडीटीए असलेल्या, आणि पाकिटावरची ओळ कुणीच वाचली नव्हती, मीसुद्धा. एनटीए हा रेझिनवरचा रेणू निकेलला सहापैकी चार जागी धरतं आणि उरलेल्या दोन हिस्टिडिनला मिळतात. ईडीटीए सहाही जागी धरतं. ५० मिली लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) १ मिलिमोलर ईडीटीए म्हणजे २ मिली रेझिनमधलं निकेल ओढून न्यायला भरपूर झालं. दोष रेझिनचा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फोन करून तसं सांगितलं.

नवीन बाटलीचे पैसे नव्हतेच, म्हणून तोच कॉलम पुन्हा भरला. उरलंसुरलं निकेल १०० मिलिमोलर ईडीटीएने काढलं, पाणी, अर्धा मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास, पुन्हा भरपूर पाणी, मग १०० मिलिमोलर निकेल सल्फेट. ते आत शिरताना पांढऱ्यावर निळा रंग वरून खाली सरकत गेला, आम्ही तिघी कामं सोडून बघत उभ्या होतो. ही धुवणं सिंकमध्ये ओतू नका. निकेलचे क्षार कर्करोगकारक आहेत, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. हातमोजेही हवेत.

फ्लो-थ्रू फेकलं नव्हतं हे नशीब. रात्रभर डायलिसिस करून ईडीटीए काढलं आणि त्याच कॉलमवर पुन्हा चढवलं. जवळजवळ सगळं परत मिळालं. क्युव्हेटमध्ये पॅरा-नायट्रोफिनाइल अ‍ॅसिटेट (एन्झाइमने तोडलं की पिवळं होणारं रसायन) टाकलं तर पिवळा रंग झरझर चढला. अ‍ॅसेटाझोलामाइड (या एन्झाइमला रोखणारं औषध) घातल्यावर मंदावला, म्हणजे ते आमचंच एन्झाइम होतं, जिवंत.

आता ऑगस्ट, चौदावी बॅच. पुन्हा भरल्यावर पहिल्या धुण्यात थोडं प्रोटीन सुटतं, पूर्वी सुटत नव्हतं, म्हणून इमिडाझोल २० वरून १५ केलंय. डीटीटी या क्षपणकाच्या आसपास हे रेझिन नेऊ नका, तपकिरी होतं. त्याऐवजी आम्ही बीटा-मरकॅप्टोइथेनॉल वापरतो.

पुढच्या खरेदीच्या मागणीपत्रात मी ‘बसलेलं रेझिन, मिलीमध्ये’ असा वेगळा रकाना घातलाय. जुन्या बाटलीत अजून एका कॉलमपुरतं रेझिन शिल्लक आहे.