वीज महागल्यावर घरच्या ७.४ किलोवॉट चार्जरचे पैसे फिटतात का?

विजेचे दर वाढले की इलेक्ट्रिक गाडी असलेल्या घरात एक हिशोब हमखास निघतो. गाडीबरोबर आलेला, सॉकेटमध्ये लावायचा पोर्टेबल चार्जर पुरेसा आहे, की भिंतीवर बसवायचा ७.४ किलोवॉटचा चार्जर घेतला तर खर्च खाली येईल? दुकानात या चार्जरचा वेग विकला जातो. गाडी तिप्पट वेगाने भरते हे खरंच आहे, पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला कसली घाई? म्हणून या परीक्षणात आम्ही त्याला दोनच कसोट्या लावल्या आहेत. भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी बॅटरीत किती पोचते, आणि ती दिवसाच्या कोणत्या वेळी ओढली जाते.

आधी इंधनाशी तुलना, कारण दरवाढीनंतर सगळ्यांना तीच हवी असते. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला बॅटरीतून साधारण १५ युनिट घेते. चार्जिंगमधली तूट धरली की मीटरवर ते १७ च्या आसपास दिसतात. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतरासाठी ६ लिटर लागत असतील, तर ६ भागिले १७, म्हणजे ०.३५. विजेचं एक युनिट एका लिटरच्या किमतीच्या ३५ टक्क्यांपेक्षा स्वस्त आहे तोवर वीज परवडते. समोर ४.५ लिटरमध्ये १०० किलोमीटर जाणारी हायब्रिड असेल तर हाच आकडा २६ टक्क्यांवर घसरतो. नवीन दरपत्रक आलं की हा एक भागाकार करावा, बाकी चर्चेची गरज उरत नाही. सार्वजनिक फास्ट चार्जरवर बिल बहुधा डीसी बाजूच्या, म्हणजे बॅटरीला चालेल अशा रूपात दिलेल्या विजेच्या युनिटांचं होतं, गाडीतल्या चार्जरची तूट त्यात येत नाही. तिथे १७ ऐवजी १६ धरा. तरीही फास्ट चार्जिंगचा दर घरच्या दराच्या दुप्पट असेल तर फायद्यातला मोठा वाटा तिथेच संपतो. इलेक्ट्रिक गाडीचा चालवण्याचा खर्च कमी राहतो तो घरी चार्ज केल्यामुळे, हे यातून स्पष्ट दिसतं.

आता तूट. गाडी चार्ज होत असताना तिचे संगणक, रिले (विजेवर चालणारे स्विच), बॅटरी थंड ठेवणारा पंप हे सगळं जागं असतं. गाडीगाडीनुसार त्याला २०० ते ३५० वॉट सतत लागतात, मग करंट ६ अ‍ॅम्पियर असो की ३२. शिवाय घरात येणाऱ्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करताना काही टक्के उष्णतेत जातात. जागं राहण्याचे ३०० वॉट आणि रूपांतराचे ६ टक्के धरून, २३० व्होल्टवर बॅटरीत ३० युनिट भरण्याचा हिशोब असा येतो. १० अ‍ॅम्पियरने भरलं तर १६ तास लागतात आणि मीटर ३६.७ युनिट दाखवतं. १६ अ‍ॅम्पियरने साडेनऊ तास, ३४.७ युनिट. ३२ अ‍ॅम्पियरने साडेचार तास, ३३.३ युनिट; ७.४ किलोवॉटचा चार्जर म्हणजे हाच.

हे आकडे नीट पाहिले की चार्जरची जाहिरात निम्मी निकालात निघते. १० वरून ३२ अ‍ॅम्पियरवर गेल्याने ३.४ युनिट वाचले, पण त्यातले २ युनिट १६ अ‍ॅम्पियरपर्यंतच पदरात पडले होते. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी मीटरवरचा आकडा अनुक्रमे २,७५०, २,६०० आणि २,५०० युनिटांच्या जवळपास येतो. त्यात भिंतीवरचा चार्जर रिकामा असतानाही ४ वॉट खात राहतो, म्हणजे वर्षाचे ३५ युनिट. १६ अ‍ॅम्पियरच्या तुलनेत निव्वळ बचत उरली ६५ युनिटांची. बसवण्याच्या खर्चासकट चार्जरच्या किमतीला आपल्या युनिटदराने भागा आणि त्याला पुन्हा ६५ ने भागा. दर दुप्पट झाला तरी उत्तर बरीच वर्षं असंच येईल.

मग हा चार्जर कोणाला परवडतो? जिथे दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलतो आणि गाडीचं रोजचं धावणं जास्त आहे, त्यांना. समजा स्वस्त दराची वेळ ६ तासांची आहे. एवढ्या वेळात १० अ‍ॅम्पियरवर ७५ किलोमीटरची वीज बॅटरीत जाते, १६ अ‍ॅम्पियरवर १२५ किलोमीटरची आणि ३२ अ‍ॅम्पियरवर २६५ किलोमीटरची. रोज ५० किलोमीटर चालणाऱ्याला पोर्टेबल चार्जर आणि गाडीतला टायमर एवढ्यावर सगळं चार्जिंग स्वस्त वेळेत बसवता येतं. त्याने पैसे चार्जरवर न घालता वेगळी वायर ओढून १६ अ‍ॅम्पियरचा औद्योगिक सॉकेट बसवावा, त्या सॉकेटला जुळणारा पोर्टेबल चार्जर घ्यावा. टॅक्सी, डिलिव्हरी किंवा एकाच घरात दोन गाड्या असतील तर गणित फिरतं. स्वस्त आणि महाग वेळेच्या दरात ३० टक्क्यांचा फरक असला आणि २,५०० युनिट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले, तर वर्षाला ७५० युनिटांच्या किमतीइतकी बचत होते. ही मात्र खरी रक्कम आहे, आणि दर वाढतील तशी ती वाढते.

घेण्याआधी गाडीतल्या चार्जरची क्षमता बघा, कारण भिंतीवरचा डबा स्वतः काहीच चार्ज करत नाही. तो फक्त वीज सोडतो आणि किती ओढायची ते गाडीला सांगतो. एसीचं डीसी करणारा चार्जर गाडीत असतो. तो ३.३ किलोवॉटचा असेल तर ७.४ चा डबा लावूनही ३.३ च मिळणार. ११ किलोवॉटच्या गाड्यांत आणखी एक मेख असते. त्यातल्या बऱ्याच गाड्या तीन फेजवर प्रत्येकी १६ अ‍ॅम्पियर घेतात. सिंगल फेजवर त्या १६ च्या पुढे जात नाहीत आणि ३.७ किलोवॉटवर थांबतात. कागदावर ११ वाचून ७.४ चा चार्जर घेणाऱ्यांची इथे निराशा होते.

प्लग लावल्यावर काय घडतं ते एकदा लक्ष देऊन ऐकावं. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा प्लग, गाडीत बसते तेव्हा कंट्रोल पायलटच्या (चार्जर आणि गाडी ज्यावरून एकमेकांना खुणा करतात त्या) तारेवरचे १२ व्होल्ट ९ वर येतात. चार्जर त्या तारेवर सेकंदाला १,००० स्पंदनं पाठवायला लागतो आणि स्पंदनाच्या रुंदीतून परवानगी देतो. रुंदी ५३ टक्के असली तर ३२ अ‍ॅम्पियर, १० टक्के असली तर ६. गाडी तयार झाली की ती व्होल्टेज ६ वर आणते आणि डब्यातून रिलेचा ठळक ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज येऊन चार्जिंग काही सेकंदांत तुटत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्ये किंवा ढिल्या न्यूट्रलमध्ये सापडतो. आवाजच आला नाही तर आधी गाडीतला टायमर बघावा.

टायमरचा घोळ सगळ्यात जास्त दिसतो. गाडीत एक वेळ लावलेली असते, चार्जरच्या अ‍ॅपमध्ये दुसरी, आणि चार्जिंग होतं ते दोन्ही वेळा जुळतात तेवढ्याच तासांत. सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली असते आणि दोष चार्जरला दिला जातो. वेळ एकाच ठिकाणी लावा, शक्यतो गाडीत, आणि चार्जरमध्ये कुठलीही वेळ न लावता तो कायम चालू ठेवा. काही गाड्या मात्र प्लग लावून तासन्‌तास वीज मिळाली नाही की गाढ झोपतात आणि नंतर वीज आली तरी उठत नाहीत. अशा गाडीला तर वेळ गाडीतच लावायला हवी.

बसवण्याच्या कामात काटकसर करू नका. ३२ अ‍ॅम्पियर सलग चार-पाच तास वाहणं घरातल्या दुसऱ्या कुठल्याच उपकरणाच्या वाट्याला येत नाही. तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर २० मीटर अंतरासाठी ठीक आहे. त्यात साधारण ४ व्होल्ट आणि १२५ वॉट जातात. अंतर ४० मीटर झालं की ८ व्होल्ट आणि २५० वॉट, म्हणजे ओढलेल्या विजेचे ३.४ टक्के वायर तापवण्यात गेले. तिथे १० चौरस मिलिमीटरची वायर घ्या, तूट १५० वॉटवर येते. ४० अ‍ॅम्पियरचा सी-कर्व्ह एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) लावा. नेमका ३२ चा लावला तर तो उन्हाळ्यात, बंद बोर्डात, पूर्ण लोडवर तासाभराने पडू लागतो.

आरसीसीबीबद्दल, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणाऱ्या स्विचबद्दल, इलेक्ट्रिशियनला स्पष्ट विचारा. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून डीसी करंट जमिनीकडे झिरपू शकतो. साध्या एसी टाइप आरसीसीबीला तो दिसत नाही, उलट त्यामुळे त्याची आतली कॉइल बधिर होते आणि माणसाला झटका बसला तरी तो वीज तोडेलच याची खात्री राहत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअ‍ॅम्पियर डीसी ओळखणारी यंत्रणा असेल तर बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पियरचा ए टाइप चालतो. ती नसेल तर बी टाइप लागतो, आणि तो बराच महाग असतो. म्हणजे स्वस्त चार्जर घेऊन वाचवलेले पैसे बोर्डात जातात. चार्जरच्या माहितीपत्रकात हा ६ मिलिअ‍ॅम्पियरचा उल्लेख नसेल तर तो घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त बिघाड टर्मिनलच्या स्क्रूपाशी होतात. बहुपदरी वायर लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता तशीच खोचली की तिचे पदर पसरतात. रोज तापणं आणि थंड होणं यातून पकड सैल होते, विरोध वाढतो, आणखी उष्णता होते. न्यूट्रलचं इन्सुलेशन आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी कडक होऊन तडकतं. उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच स्क्रू आवळावेत, महिन्याभराने मेन बंद करून पुन्हा तपासावेत. पहिल्या दिवशी तासभर ३२ अ‍ॅम्पियरवर चालवून एमसीबीच्या पुढच्या भागाला हात लावून पाहावं. कोमट लागणं ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग लगेच थांबवा.

लोड सांभाळण्याची सोय असलेलं मॉडेल थोडं महाग पडतं, पण अनेक घरांत तेवढ्यानेच मंजूर भार वाढवणं टळतं, आणि त्याबरोबर दर महिन्याला बिलात येणारा स्थिर आकारही. मेन लाइनवर एक सीटी क्लॅम्प, म्हणजे तारेभोवती बसून करंट मोजणारा चिमटा, बसतो. गीझर आणि एसी एकदम सुरू झाले की चार्जर ३२ वरून १४ अ‍ॅम्पियरवर, गरज पडली तर ६ वर उतरतो. क्लॅम्पवरचा बाण उलटा बसला तर चार्जरला घर वीज बाहेर देत असल्याचा भास होतो आणि तो नेमक्या चुकीच्या वेळी करंट वाढवतो. तपासणी सोपी आहे. चार्जिंग बंद ठेवून गीझर लावा आणि अ‍ॅपमधला घराचा वापर वाढतो का बघा. इलेक्ट्रिशियन निघण्याआधीच हे करून घ्या.

छतावर सौर पॅनेल असणाऱ्यांसाठी ‘फक्त सौर’ असा पर्याय असतो. त्याला फार महत्त्व देऊ नये. ६ अ‍ॅम्पियरच्या खाली चार्जिंगची सोयच नाही, म्हणजे किमान १.४ किलोवॉट लागतात. त्या पातळीवर गाडीच्या जागं राहण्याचे ३०० वॉट भारी पडतात आणि जवळपास पाव भाग वीज वाया जाते. ढगाळ दिवशी रिले सारखी चालू-बंद होते ते वेगळंच. १० अ‍ॅम्पियरपेक्षा कमी वीज उपलब्ध असेल तर थांब, अशी मर्यादा लावता येत असेल तर लावावी.

मीटरसाठी मात्र या चार्जरचं मनापासून कौतुक करायला हवं. गाडीच्या पडद्यावरचा वापर बॅटरीपासून पुढचा असतो. बिल येतं भिंतीपासूनचं. म्हणून पडद्यावरून काढलेला किलोमीटरचा खर्च १० ते २० टक्क्यांनी कमी दिसतो. खरा आकडा काढायला गाडी ८० टक्क्यांवर भरा, ओडोमीटर आणि चार्जरवरचे एकूण युनिट लिहून ठेवा. दोन-तीन आठवडे फक्त घरीच चार्ज करा, पुन्हा ८० वर भरून दोन्ही आकडे लिहा. युनिटांचा फरक भागिले किलोमीटरचा फरक, गुणिले १००. जिथे टप्प्याटप्प्याने दर चढतात तिथे गाडीच्या युनिटांना बिलातला सरासरी दर लावू नका. गाडी आल्यावर वाढलेले युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात, त्यांचा खर्च त्याच दराने धरायला हवा.

पैसे देण्याआधी दुकानात एक गोष्ट करून दाखवायला सांगा. टायमर लावा, मग राउटर बंद करा, चार्जरची वीज काढून पुन्हा द्या आणि ठरलेल्या वेळी चार्जिंग सुरू होतं का बघा. काही मॉडेलमध्ये वेळापत्रक कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि घड्याळ इंटरनेटवरून येतं. नेट नसताना असा चार्जर एकतर सुरूच होत नाही किंवा वीज आल्या आल्या महागड्या वेळेत गाडी भरायला लागतो. या चाचणीत नापास झालेला चार्जर दिसायला कितीही देखणा असला तरी दुकानातच ठेवून यावा.