टेस्ट ऑटोमेशनमध्ये रेजेक्स: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आमचं प्रॉडक्ट म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीचं बिलिंगचं वेब ॲप. स्क्रीन इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. ब्राउझरच्या टेस्ट प्लेराइटवर टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या, एपीआयच्या, म्हणजे स्क्रीनमागच्या सर्व्हरच्या, टेस्ट पायथनच्या पायटेस्टमध्ये. गेल्या पावसाळ्यापासून दोन्हीकडे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे रेजेक्स (मजकुराचा साचा चिन्हांत लिहायची पद्धत; असा एक साचा म्हणजे पॅटर्न), ठरवून वापरतोय. निकाल आधीच सांगतो: ठेवणार आहे, पण अटी घालून. त्या अटी का पडल्या, तेच इथे लिहितोय.

आधी फायदा. बिल क्रमांक, वेळ, व्यवहाराचा आयडी या गोष्टी प्रत्येक रनला बदलतात. नेमकी किंमत माहीत नसली की बहुतेक टेस्टमध्ये 'रिकामं नाही ना' एवढंच तपासलं जातं, आणि त्या तपासणीतून काहीही निसटतं. रेजेक्स नेमकं इथे कामाला येतं, कारण किंमत माहीत नसली तरी तिचा साचा माहीत असतो. जीएसटी क्रमांकच घ्या. एकूण १५ अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढे १० अक्षरांचा पॅन, मग नोंदणीचा क्रम, चौदाव्या जागी सहसा झेड आणि शेवटी चेक कॅरेक्टर, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून गणिताने काढलेलं अक्षर. बिलाच्या पीडीएफमध्ये पॅन एका अक्षराने कापला गेला, तर असा पॅटर्न लगेच ओरडतो. 'रिकामं नाही' वाली टेस्ट मात्र हिरवीच राहते.

त्या शेवटच्या चेक कॅरेक्टरचं गणित रेजेक्सला येत नाही. साचा बरोबर पण क्रमांक खोटा, असं सहज होऊ शकतं. त्यासाठी छोटं फंक्शनच लिहावं लागतं. आधारच्या शेवटच्या आकड्याचं तेच, तारखांचंही तेच: दोन आकडे, तिरकी रेघ, दोन आकडे असा पॅटर्न ३१ फेब्रुवारी आनंदाने स्वीकारतो. तारीख पार्स करून तपासा.

आता खरा धोका. रेजेक्स चुकून टेस्ट फेल झाली तर कोणीतरी बघतं, दुरुस्त करतं. रेजेक्स इतकं सैल असलं की काहीही आलं तरी टेस्ट पास होते, तेव्हा कोणीच बघत नाही. आणि सैल होण्याची वाट टूलमध्येच तयार असते.

प्लेराइटच्या 'टू-हॅव-टेक्स्ट'ला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर तपासणाऱ्या फंक्शनला, साधी स्ट्रिंग दिली, तर पूर्ण मजकूर जुळावा लागतो. तिथेच रेजेक्स दिलं, तर मजकुरात कुठेही जुळलं तरी चालतं. समजा एकूण रक्कम ५००.०० यायला हवी. कोणीतरी स्ट्रिंगच्या जागी '५००\.००' असा पॅटर्न टाकला. उद्या स्क्रीनवर ₹१,५००.०० आले तरी टेस्ट पास, कारण शेवटचा तुकडा तोच आहे. तिप्पट बिल आणि हिरवा टिक! बरं, म्हणून सुरुवातीला '^' (मजकूर इथेच सुरू) आणि शेवटी '$' (इथेच संपला) लावलं, तर दुसरीच गंमत. स्ट्रिंग देताना प्लेराइट मोकळ्या जागा आणि ओळी नीट करून मग तुलना करतं. रेजेक्स देताना मजकूर जसाच्या तसा घेतं. एचटीएमएलमधल्या इंडेंटेशनच्या जागा मध्ये येतात, टेस्ट लाल होते, आणि घाईत दोन्ही टोकांना '.*', म्हणजे 'काहीही चालेल', लावलं जातं. म्हणजे परत मूळपदावर. आमच्याकडे आता दोन्ही टोकांना फक्त मोकळ्या जागेला परवानगी आहे, बाकी काही नाही. कोड रिव्ह्यूमध्ये टोकाला '.*' दिसलं की त्याचं कारण विचारलं जातं.

पायटेस्टमध्येही अशीच खाच आहे. अपेक्षित एरर आली का ते 'रेझेस' तपासतं; त्याला दिलेला 'मॅच' हा नावाला मॅच. आत तो 'सर्च' वापरतो, म्हणजे कुठेही सापडलं तरी पुरतं. शिवाय एररच्या मजकुरात कंस असेल, उदाहरणार्थ 'रक्कम (₹) चुकीची आहे', तर ते कंस ग्रुप ठरतात आणि जशाच्या तशा मजकुराशीही जुळत नाही. तिथे 'री-एस्केप' वापरायचं, म्हणजे कंस साधे कंसच राहतात. पूर्ण जुळणी हवी असेल तर पायथन ३.४ पासून 'फुलमॅच' आहे. नुसतं '$' शेवटच्या नव्या ओळीआधीही जुळतं. जेसन स्कीमातला (एपीआयच्या डेटाचा साचा ठरवणाऱ्या वर्णनातला) पॅटर्नही आपोआप टोकांना बांधलेला नसतो. थोडक्यात, '^' आणि '$' आपणच लिहायचे.

यावर आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेली सवय सांगतो. सगळे सामाईक पॅटर्न एका फाइलमध्ये, प्रत्येकाला नाव, आणि प्रत्येकाखाली दोन याद्या: काय स्वीकारायचं आणि काय नाकारायचं. बाकीच्या टेस्टच्या आधी या याद्या चालतात. स्वीकारायची यादी सगळेच करतात. नाकारायची यादी रिकामी असेल तर आम्ही पॅटर्न मर्ज करत नाही. हल्ली पॅटर्न एआयकडून लिहून घेतात, माझी त्याला हरकत नाही. पण काय नाकारायचं हे आपल्या धंद्याचं ज्ञान आहे, ती यादी माणसानेच बसून करायची.

मराठी स्क्रीनवर तर रेजेक्सची खरी परीक्षा झाली, आणि यावर मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आकडे भाषेप्रमाणे मांडणाऱ्या ब्राउझरच्या 'इंटल' फॉरमॅटरला मराठी-भारत लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) दिलं की आकडे देवनागरीत येतात: १,२३,४५६. हिंदी-भारत दिलं की इंग्रजी आकडे. रेजेक्समध्ये 'कोणताही आकडा' यासाठी बॅकस्लॅश-डी लिहितात, पण जावास्क्रिप्टमधलं (टाइपस्क्रिप्ट शेवटी तेच) बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. त्यामुळे हिंदीत पास होणारी टेस्ट मराठीत फेल होते आणि लोक ॲपमध्ये बग शोधत बसतात. उपाय सोपा आहे: पॅटर्नला यू फ्लॅग (युनिकोड चालू करणारी खूण) लावून युनिकोडच्या 'दशमान अंक' या वर्गावर पॅटर्न लिहायचा, किंवा थेट [०-९] असं.

पायथनमध्ये उलटं. तिथे स्ट्रिंगवर चालणारं बॅकस्लॅश-डी देवनागरी आकडेही घेतं. म्हणजे पिनकोडच्या रकान्यात कोणी मराठी कीबोर्डवरून ४११०५७ टाकलं, तर फ्रंटएंड नाकारणार आणि एपीआय स्वीकारणार, पॅटर्न अक्षरशः एकच असताना. आमच्या एपीआयमध्ये ही विसंगती टेस्टमुळेच पकडली गेली. आता जिथे इंग्रजी आकडेच हवेत, तिथे ॲस्की फ्लॅग लावतो.

अक्षरांचं प्रकरण अजून नाजूक. पायथनच्या अंगभूत रेजेक्स मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातलं कोणतंही अक्षर) काना-मात्रा-वेलांटी धरत नाही. 'मराठी' हा शब्द शोधायला दिला तर हाती 'मर' आणि 'ठ' येतात. जावास्क्रिप्टमध्ये तर त्याला मराठी अक्षरच जुळत नाही. ग्राहकाचं नाव तपासायला तिथे अक्षरांचा आणि चिन्हांचा असे दोन्ही युनिकोड वर्ग एकत्र घ्यावे लागतात. पायथनमध्ये आम्ही 'रेजेक्स' नावाचं वेगळं पॅकेज बसवलं. त्यातही 'कऱ्हाड'सारखा शब्द राहतोच. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण युनिकोड नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाहीत. पॅटर्नमध्ये दोन्ही पर्याय लिहिले तेव्हाच पत्त्यांच्या टेस्ट शांत झाल्या.

कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टचं एक कारण खास नोंदवतो. जावास्क्रिप्टमध्ये जी फ्लॅग ('सगळ्या जुळण्या शोध' अशी खूण) लावलेला पॅटर्न मागची जुळणी कुठे संपली ते लक्षात ठेवतो. तोच पॅटर्न दोन टेस्टमध्ये वापरला की पहिली पास, दुसरी फेल. वेगळी चालवली की दुसरीही पास. रिट्रायमध्ये ती हिरवी होते आणि सगळे 'नेटवर्क असेल' म्हणून सोडून देतात. तपासणीच्या पॅटर्नला जी फ्लॅग लागतच नाही. काढून टाका.

वेगाचं म्हणाल तर छोट्या मजकुरावर फरक जाणवत नाही. लॉगच्या लांबलचक ओळी चाळताना मात्र सावध राहायचं. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद पडलं, ते मोकळ्या जागा छाटणाऱ्या एका रेजेक्समुळे. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरचं नेटवर्क २७ मिनिटं कोलमडलं, तेही एकाच पॅटर्नच्या बॅकट्रॅकिंगने, म्हणजे मागे जाऊन पुन्हा पुन्हा जुळवून बघण्याने, प्रोसेसर खाल्ल्यामुळे. एकात एक अडकलेले '*' आणि '+' (पुनरावृत्तीची चिन्हं) दिसले की मी पॅटर्न तोडून लिहितो. लॉगसाठी गूगलचं आरई२ इंजिनही चांगलं आहे, ते बॅकट्रॅकिंग करतच नाही.

एचटीएमएल पार्स करायला रेजेक्स नको, पानावरचे घटक शोधायला प्लेराइटचे लोकेटर आहेत. नाव रेजेक्सशी जुळेल त्याच टेस्ट निवडायला प्लेराइटचं 'ग्रेप' मात्र रोज वापरतो आणि आवडतं.

एक तक्रार अजून सुटलेली नाही. स्ट्रिंगची तुलना फसली तर रिपोर्टमध्ये नेमका फरक दिसतो. पॅटर्न फसला तर एका बाजूला पॅटर्न, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि कुठे बिनसलं ते आपणच शोधायचं. रात्रीच्या बिल्डचे निकाल सकाळी बघणाऱ्या नव्या मुलांना यात फार वेळ जातो. म्हणून लांब पॅटर्न तोडून जीएसटी क्रमांक, तारीख, रक्कम अशा वेगवेगळ्या तपासण्या करतोय. ओळी वाढतात, पण कोणता तुकडा चुकला ते टेस्टच्या नावातच दिसतं.