दोन इंजिनांच्या बोटीसाठी आट्याचा कॉम्प्रेशन गेज: काय बघून घ्यावा, कसा लावावा

कॉम्प्रेशन गेज म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा; आट्याचा म्हणजे स्पार्क प्लगच्या जागी पेच फिरवून बसवायचा. दुचाकी-चारचाकीच्या मिस्त्र्यांकडे असतो तोच गेज आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर लावलेल्या इंजिनालाही चालतो. बोटीसाठी म्हणून वेगळा, महागडा घेण्याची गरज नाही. बेळगावात उद्यमबागेकडच्या हत्यारांच्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. डायल ० ते ३०० पीएसआयची (दाबाचं माप) हवी. डिझेलचा १००० पीएसआयचा गेज कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, कारण पेट्रोल इंजिनाला त्याचा काटा तळाच्या कोपऱ्यातच हलतो आणि दहा पीएसआयचा फरक दिसतच नाही. रबरी कोन दाबून धरायचा प्रकारही नको, हात जरा हलला की हवा निसटते.

किटमधले अडॅप्टर, म्हणजे गेजची नळी प्लगच्या भोकाला जोडणारे तुकडे, नीट पाहा. बऱ्याच आउटबोर्डच्या प्लगला १४ मिमीचा आटा असतो, काही फोर-स्ट्रोकना १२ किंवा १० मिमीचा. आट्याची लांबीही जुन्या प्लगशेजारी धरून जुळवून घ्यावी. लांब अडॅप्टर आत गेला तर पिस्टनला लागू शकतो.

या किटची खरी किंमत जुळ्या इंजिनांवरच वसूल होते. एकच इंजिन असेल तर आलेला आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडावा लागतो, आणि पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा. बेळगाव जिल्ह्यातला हिडकलचा जलाशय समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे कारवारला १२० पीएसआय दाखवणारं धडधाकट इंजिन इथे १११ च्या आसपास दाखवतं. हे माहीत नसलं की ‘रिंगा गेल्या’ म्हणून चांगलं इंजिन खोललं जातं. शेजारी त्याच मॉडेलचं, तेवढंच चाललेलं दुसरं इंजिन असलं की पुस्तकाची फारशी गरज उरत नाही. दोन्हींचे सगळे सिलिंडर सारखेच खाली असतील तर कारण बहुधा उंची, गेज किंवा मोजण्याची पद्धत. एकच सिलिंडर वेगळा पडला तर दोष तिथेच.

मात्र दोन्ही इंजिनं एकाच रीतीने मोजली पाहिजेत. गेज तोच आणि बॅटरीही तीच, पूर्ण चार्ज केलेली. स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. प्रत्येक इंजिन आपापल्या बॅटरीवर फिरवलं तर कमजोर बॅटरीवरचं इंजिन हळू फिरतं आणि काटा उगाच खाली राहतो. जुळ्या बोटींवर सर्वांत जास्त फसगत इथेच होते. इंजिन गरम करून बंद करा, सगळे प्लग काढा. किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा. त्याने स्टार्टरच फिरत नसेल तर प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा, नाहीतर इग्निशनचं युनिट जळू शकतं आणि उघड्या भोकांतून येणारी पेट्रोलची वाफ पेटू शकते. गेज एका सिलिंडरच्या प्लगच्या भोकात फिरवून बसवा. कंट्रोल बॉक्सवरचं न्यूट्रल-थ्रॉटलचं (गिअर न पडता थ्रॉटल उघडायचं) बटण दाबून लिव्हर पूर्ण पुढे करा. काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पिस्टनचे चार-पाच दाब होईपर्यंत, स्टार्टर मारा. आकडा लगेच लिहा आणि पुढच्या सिलिंडरला जा.

एका इंजिनातल्या सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला की शोध सुरू करायचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर बहुधा हेड गॅस्केट. एकच खाली असेल तर टू-स्ट्रोकमध्ये रिंगा किंवा पिस्टन, फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हही. फोर-स्ट्रोकला चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायची गॅरेजची पद्धत इथे तितकी भरवशाची नाही: आउटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात, ऑइल खालच्या बाजूला जमतं, रिंगभोवती पसरत नाही.

गेज सगळं ठीक म्हणत असेल आणि तरी एक इंजिन ओढत नसेल, तर दोष बहुधा पेट्रोल किंवा स्पार्कमध्ये आहे. मग एका वेळी एकच वस्तू अदलाबदल करा: आधी टाकी आणि पंपाचा फुगा असलेली नळी, मग प्लग, मग कॉइल. त्रास वस्तूबरोबर दुसऱ्या इंजिनावर गेला की सापडला. दोन्ही इंजिनं एकदम मिसिंग मारत असतील तर आधी सामाईक टाकीकडे बघा. पुरासाठी म्हणून ठेवलेल्या बोटी महिनोन्‌महिने उभ्या असतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेत पाणी धरतं आणि ते पाणी तळाशी बसतं. आणखी एक, एक इंजिन बंद ठेवून दुसऱ्याचे फेरे तपासू नका. सगळा भार एकावर आला की धडधाकट इंजिनही पूर्ण आरपीएम गाठत नाही.

आता गेजमधली उणीव. पाइपच्या टोकाला, अडॅप्टरच्या बाजूला, एक बारीक व्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकला की काटा टिकत नाही, दाब हळूहळू उतरतो. त्याजागी टायरचा व्हॉल्व्ह पिन बसवायचा मोह होतो, कारण तो अगदी तसाच दिसतो आणि बसतोही. पण त्याची स्प्रिंग कडक असते, आकडा कमी येतो, आणि ज्या इंजिनाला त्यानंतर मोजाल ते नाहक दोषी ठरतं. गेजचाच मऊ स्प्रिंगचा पिन मागा, आणि किट घेतानाच दोन जादा घेऊन ठेवा.