सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेट : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी सिगारेट सांगलीत कॉलेजात असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, टपरीवरच्या चहाबरोबर सुरू झाली आणि इंग्लंडमध्ये लेस्टरला येऊन स्थायिक झाल्यानंतरही मिळून पंचवीस वर्षे टिकली. दिवसाला पंधरा हे माझे ठरलेले प्रमाण होते. ती सोडण्यासाठी एकदा निकोटिनचा गम आणि दोनदा निकोटिनच्या पट्ट्या वापरून पाहिल्या होत्या. त्यांतला सर्वांत यशस्वी प्रयत्न सात आठवडे चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये मी ई-सिगारेट हाती घेतली. आज चौदा महिने झाले असून त्यांतले जवळजवळ तेरा महिने मी एकही सिगारेट ओढलेली नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे, आणि विक्री किंवा आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे लेखन खरेदीचा सल्ला म्हणून घेऊ नये. ब्रिटनचे धोरण नेमके उलट आहे. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेटच्या बदल्यात ई-सिगारेटचा संच आणि सोबत समुपदेशन देण्याची योजना जाहीर केली. लेस्टरचे धूम्रपानमुक्ती केंद्र तर त्याच्या कितीतरी आधी, २०१४ पासून, ई-सिगारेट वापरून सोडू पाहणाऱ्यांना मदत करत आले आहे.

मला मिळालेले यंत्र साधे, पॉड (म्हणजे लिक्विडची टाकी आणि कॉइल असलेली छोटी डबी) बदलता येणारे आणि चार्ज करता येणारे आहे. आत एक छोटी बॅटरी, तापणारी तार म्हणजे कॉइल, तिच्याभोवती कापूस आणि दोन मिलिलिटरची टाकी. झुरका घेतला की तार तापते आणि कापसात मुरलेल्या लिक्विडची वाफ होते. लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन असते. ब्रिटनमध्ये निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आणि बाटलीची मर्यादा १० मिलिलिटर आहे. यात तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाही. सवय लावते ते निकोटिन. कर्करोग आणि फुप्फुसांचे विकार होतात ते प्रामुख्याने धुरामुळे, आणि या पद्धतीचा सगळा आधार या एका फरकावर आहे. वाफ निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने, विशेषतः शाळकरी मुलांनी, हे यंत्र हातातही घेऊ नये असे माझे ठाम मत आहे.

पहिले पाच आठवडे मी एक मोठी चूक केली, आणि हा अनुभव लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. दिवसभर ई-सिगारेट ओढायची, पण सकाळच्या चहाबरोबर एक, दुपारी जेवणानंतर एक आणि रात्री दोन अशा चार-पाच सिगारेटी चालू ठेवायच्या, असा मार्ग मी काढला होता. पंधरावरून पाचावर आलो याचे मला समाधानही वाटत होते. लेस्टरच्या त्या धूम्रपानमुक्ती केंद्रात मी जात असे, आणि तिथे दर आठवड्याला एका छोट्या मीटरमध्ये फुंकर मारावी लागे. दीर्घ श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखून धरायचा आणि मग नळीत सावकाश सोडायचा. पडद्यावर श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा येतो. दहाच्या खाली असेल तर धूर बंद आहे असे धरतात. पहिल्या दिवशी माझा आकडा २४ होता. पाच आठवड्यांनंतर, पाचच सिगारेटी ओढत असताना, तो १७ आला. समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारले, "पाच सिगारेटी ओढता, पण प्रत्येक सिगारेट किती खोलवर ओढता?" उत्तर मला माहीत होते. उरलेल्या पाच मी शेवटपर्यंत, फिल्टरपर्यंत, अधाशासारख्या ओढत होतो.

त्यांनी दोन बदल सुचवले. मी भीतीपोटी १० मिलिग्रॅमचे लिक्विड घेत होतो. ते २० चे, निकोटिन सॉल्टचे (म्हणजे क्षाराच्या रूपातल्या निकोटिनचे), घ्यायला सांगितले. सॉल्ट घशाला कमी झोंबते, त्यामुळे जास्त निकोटिनही सहज ओढता येते. दुसरे म्हणजे झुरक्याची पद्धत. सिगारेटचा झुरका छोटा आणि जोरात असतो. तसा इथे घेतला तर लिक्विड गरम थेंबांच्या रूपाने जिभेवर येते. इथे तीन-चार सेकंद सावकाश तोंडात वाफ घ्यायची आणि मग आत ओढायची. सिगारेटइतक्या झटक्यात निकोटिन रक्तात पोहोचत नाही, म्हणून तलफ येईपर्यंत थांबू नका, दिवसभर थोडे थोडे घेत राहा, असे त्या म्हणाल्या. त्या शुक्रवारी मी उरलेले पाकीट नळाखाली भिजवून कचऱ्यात टाकले. पुढच्या आठवड्यात मीटरवर ३ आला. तो आकडा पाहून माझे डोळे भरून आले होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

यंत्राच्या बाबतीत सांगण्यासारखे बरेच आहे. नवा पॉड भरल्यावर दहा मिनिटे तसाच ठेवावा लागतो, म्हणजे कापूस पूर्ण भिजतो. मी पहिल्यांदा घाई केली आणि पहिल्याच झुरक्याला जळक्या कापसाची अशी कडू, खरखरीत चव घशात उतरली की रात्रभर पाणी पीत बसलो. जळलेली कॉइल पुन्हा सुधारत नाही, पॉड टाकूनच द्यावा लागतो. एक पॉड मला साधारण आठ-दहा दिवस पुरतो, गोड स्वादाचे लिक्विड असेल तर त्याहून कमी. घराजवळच्या एका दुकानातून स्वस्त म्हणून घेतलेले चार पॉड कोटाच्या खिशात गळले आणि खिसा चिकट झाला. निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते आणि लहान मुलांच्या पोटात गेले तर विषारी ठरते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणून बाटल्या मी कुलपात ठेवतो आणि घरात ओढत नाही. एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर ब्रिटनमध्ये जून २०२५ पासून बंदी आली. मी त्या कधीच घेतल्या नाहीत. प्रत्येकीबरोबर एक बॅटरी कचऱ्यात जात होती, म्हणून बंदी मला योग्यच वाटते.

शरीरात झालेले बदल सावकाश आले. पहिले तीन आठवडे खोकला उलट वाढला आणि बद्धकोष्ठता झाली. सिगारेट सोडताना दोन्ही होतात हे आधी माहीत असते तर मी घाबरलो नसतो. तोंड सतत कोरडे पडते, त्यासाठी पाण्याची बाटली जवळ ठेवावी लागते. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी पत्नीने कढीपत्त्याची फोडणी टाकली आणि तिचा वास मला वरच्या मजल्यावर अंथरुणात आला. गेली कित्येक वर्षे तो मला स्वयंपाकघरात उभा राहूनही इतका स्वच्छ आला नव्हता. खर्चही खूप उतरला. वीस सिगारेटींचे पाकीट इथे पंधरा पौंडांच्या आसपास आहे, म्हणजे माझे महिन्याला तीनशे चाळीस पौंड जात होते. आता लिक्विड आणि पॉड मिळून पस्तीसच्या आत भागते.

खरी परीक्षा डिसेंबर २०२४ मध्ये पुतणीच्या लग्नासाठी सांगलीला जाताना झाली. कायद्यामुळे यंत्र लेस्टरलाच ठेवले आणि केंद्राच्या सल्ल्याने ४ मिलिग्रॅमचा गम आणि पट्ट्या बरोबर घेतल्या. मंगल कार्यालयासमोरच टपरी होती, दोरीला लायटर बांधलेला, आणि अक्षता पडल्यावर जुने मित्र तिथे जमले. एकाने सवयीने पाकीट पुढे केले. "अरे, दादानं सोडली आता," असे माझा धाकटा भाऊ मध्येच म्हणाला आणि त्याने माझ्या हातात चहाचा ग्लास दिला. तोंडात गम होता, चहा कडवट लागत होता, आणि धुराचा वास नाकात जाताच छातीत ओढ उठली. ती दहा मिनिटांत ओसरली. तीन आठवडे तसेच निघाले. यंत्र हाताशी नसतानाही सिगारेटशिवाय राहता येते, हे मला तिथे कळले.

सिगारेट सुटली तरी निकोटिन सुटलेले नसते, आणि या पद्धतीची खरी उणीव मला इथेच दिसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८८६ जणांवर केलेल्या ब्रिटिश चाचणीत ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक एका वर्षानंतर सिगारेटपासून दूर होते, तर गम-पट्ट्या घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. पण यशस्वी झालेल्या त्या ई-सिगारेटवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. मीही त्यांच्यातलाच आहे. मार्चमध्ये २० वरून १० मिलिग्रॅमवर आलो तेव्हा नकळत दुप्पट झुरके घेऊ लागलो आणि बाटल्या भराभर संपू लागल्या. मग झुरक्यांच्या वेळा बांधून घेतल्या: गाडीत नाही, कामाच्या टेबलाशी नाही, सकाळच्या चहाबरोबर नाही. चहाची वेळ सोडवायला सर्वांत जड गेली. महिनाभर मी चहा सोडून ताक पीत होतो. सप्टेंबरमध्ये ५ मिलिग्रॅमवर आलो.

सध्या रात्री जेवणानंतर मागच्या अंगणात पाच-सहा झुरके, एवढाच वापर उरला आहे आणि एक बाटली मला तीन आठवडे पुरते. ऑक्टोबर २०२६ पासून इथे १० मिलिलिटर लिक्विडवर २.२० पौंडांचा कर लागणार आहे, तोवर माझ्या घरात एकही बाटली नसावी असा माझा प्रयत्न आहे. जानेवारीत निकोटिन नसलेल्या लिक्विडवर यायचे केंद्रात ठरले आहे. तलफ आलीच तर बरोबर २ मिलिग्रॅमचा गम ठेवायचा आणि दर महिन्याला त्या मीटरमध्ये फुंकर मारायला जायचे.