आईच्या छातीतला कफ आणि फुंकायचं यंत्र : काही महिन्यांच्या वापरानंतर

आईचं वय 74, दमा जुना. पावसाळ्यात लालबागच्या आमच्या घरात भिंतींना ओल धरते आणि तेव्हापासून तिची छाती भरायला लागते, ती पार दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत. डॉक्टरांनी आधी पंप नीट घेते का ते पाहिलं, मग कफासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

औषधाच्या दुकानात फुप्फुसांच्या व्यायामाचं यंत्र मागितलं की तीन चेंडूंचं स्पायरोमीटर हातात देतात. कोविडनंतर ते घरोघरी आहे, पण ते श्वास आत ओढायचं. कफासाठी लागतं ते फुंकायचं, ऑसिलेटिंग पेप. बाहेर पडणाऱ्या हवेला त्यात थोडा अडथळा होतो, त्यामुळे श्वासनलिका उघड्या राहतात. शिवाय हवेला हादरे बसून चिकट कफ सुटतो. यातल्या फ्लटर नावाच्या यंत्रात हे काम पोलादी गोळी करते, म्हणून ते ठरावीक कोनातच धरावं लागतं. आईचे हात थरथरतात. आम्ही लोहचुंबक आणि तरफेवर चालणारं अकापेला नावाचं यंत्र घेतलं. ते कसंही धरलं तरी चालतं, आणि अडथळा कमी-जास्त करायला चकती आहे.

खरी मेहनत पद्धत बसवण्यात आहे. नेहमीपेक्षा जरा मोठा श्वास, 2-3 सेकंद थांबायचं, मग जोर न लावता लांबवर फुंकायचं. गाल फुगले की थरथर गालातच जिरते. कवळी काढून बसली तर ओठांच्या कडेने हवा निसटते, म्हणून आई आता कवळी लावूनच बसते. मी तिच्या पाठीवर तळहात ठेवते. बरोबर जमलं की हाताला बारीक कंप जाणवतो आणि तीच मान हलवते. असे दहाएक श्वास झाले की हफिंग : चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला करतो तसं तोंड उघडून ‘हाः’. बेडका सुटतो तो यात, नुसत्या फुंकण्याने नाही.

डॉक्टरांनी दिलेला क्रम आम्ही मोडत नाही. श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप आधी, मग यंत्र, स्टिरॉइडचा पंप शेवटी आणि त्यानंतर चूळ.

पहाटेची खोकल्याची उबळ बरीच कमी झाली. आधी एक बेडका पडेपर्यंत ती घामाघूम व्हायची, पाहवत नसे. घरघर आणि धाप मात्र पंपानेच आटोक्यात राहते. खोकला कोरडा असेल तर यावर पैसे घालू नका. सिस्टिक फायब्रोसिस, ब्रॉन्किएक्टेसिस अशा कफाच्या आजारांत हे जास्त वापरतात, दम्यात सगळ्यांना लागत नाही.

घेताना सुटं करून धुता येणारंच घ्या. जुलैत आमच्याकडे ते लवकर वाळत नाही, पंख्याखाली ठेवावं लागतं, आणि ओलं बंद डब्यात ठेवायचं नाही.

थुंकीत रक्त दिसलं, फुप्फुसाबाहेर हवा साठली असली किंवा कानाचं, चेहऱ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकू देऊ नका. आणि दम्याचा झटका आलाय तेव्हा यंत्र बाजूला ठेवा, तातडीचा पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, द्या. आराम पडला नाही तर थेट हॉस्पिटल गाठा.