लाल समुद्रशैवालाच्या कॅप्सूल : डबीवर एक, पत्रकात दुसरेच

कर्करोगावर उपचार घेत असलेल्या एका नातलगांसाठी आमच्याकडे या कॅप्सूल मागवण्यात आल्या. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशाच मजकुराच्या डब्या सध्या अनेक नावांनी विकल्या जातात. ६० कॅप्सूलना सुमारे ९०० रुपये पडतात. झाकण घट्ट आहे, भुकटी कोरडी आहे आणि सुक्या बोंबलासारखा तिचा वास कॅप्सूल फोडल्याशिवाय जाणवत नाही.

आक्षेप आहे तो सोबतच्या पत्रकावर. लाल शैवालातील संयुगे कर्करोगाच्या पेशी मारतात, असे त्यात ठळक छापले आहे. हे विधान पूर्णपणे खोटे नाही, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. पोर्टिएरिया हॉर्नेमानी या लाल शैवालातून वेगळ्या केलेल्या हॅलोमॉन या संयुगाने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाचण्यांत मेंदू, मूत्रपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर ठळक परिणाम दाखवल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तेथे शुद्ध संयुग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर थेट वापरले होते, आणि त्याच जातीच्या शैवालात त्याचे प्रमाण ठिकाणागणिक बदलत असल्याने पुढील अभ्यासासाठी पुरेसा साठा मिळवणेही अवघड ठरले. रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबिन या औषधाचा उगम कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजातील संयुगांत आहे, म्हणजे समुद्रातून औषध मिळू शकते; हॅलोमॉन मात्र रुग्णांच्या हाती औषध म्हणून कधीच पोहोचले नाही.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे डबीवरील घटकांत पोर्टिएरिया नाहीच. तेथे कॅपाफायकस आहे, म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणारे आणि आइस्क्रीमसारख्या पदार्थांत दाटपणासाठी घातले जाणारे कॅराजीनन ज्यापासून काढतात ते शैवाल. त्याच डबीच्या मागे, भिंग घेऊन वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही लिहिले आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने मनाई असल्यामुळे डबी सावधपणे बोलते आणि पत्रक मोकळे सुटते, असे दिसते.

पूरक आहार म्हणून मी पाचपैकी दोन तारे देईन. समुद्रशैवालात आयोडीन बरेच असू शकते आणि थायरॉइडच्या रुग्णांना ते त्रासदायक ठरू शकते, तरी त्याचे प्रमाण कोठेही छापलेले नाही. आयोडीन व जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मी कंपनीकडे मागितला, तेव्हा उत्तरादाखल पुढील खरेदीवरील सवलतीचा कोड आला.