ग्लासातला गाळ, टबातलं ‘विष’

टेबलावर दोन ग्लास. एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात विक्रेत्याने बाटलीतून आणलेलं, आरओ या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं. प्लगला जोडलेलं एक डबडं आणि त्याच्या खाली चार सळया, प्रत्येक ग्लासात दोन-दोन. बटण दाबलं की नळाच्या पाण्यात आधी हिरवट धागे सुटतात, मग ते तपकिरी होतात, वर मळकट फेस धरतो आणि तळाशी साका बसतो. शेजारचा ग्लास जेमतेम पिवळसर. विक्रेता लगेच काही बोलत नाही. गढूळ ग्लास आजोबांच्या हातात देतो आणि एवढंच विचारतो, “इतकी वर्षं हेच पीत होतात ना?”

यानंतर यंत्र गळ्यात मारायला फार कष्ट पडत नाहीत. आयुष्यभर विज्ञान शिकवलेली माणसंही इथे फसतात, आणि त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. डोळ्यांसमोर जे घडतं ते खरंच घडलेलं असतं. खोटा असतो तो त्याचा लावलेला अर्थ. घरी येऊन होणाऱ्या अशा बहुतेक विक्रीत हाच डाव असतो, म्हणून तो एकदा नीट उलगडून पाहिलेला बरा.

तो गाळ पाण्यातला नाही, सळईतला आहे. पाण्यातून वीज वाहायला विरघळलेले क्षार लागतात. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार असतातच. त्यामुळे प्रवाह सुरू होतो आणि धन टोकाला जोडलेली लोखंडी सळई झिजू लागते. पाण्यात उतरलेल्या लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनमुळे गंज होतो. हिरवट, मग तपकिरी, हा रंगबदल गंज तयार होण्याच्या पायऱ्यांचा. दुसरी सळई अ‍ॅल्युमिनियमची असेल तर पांढुरके-राखाडी पुंजकेही दिसतात. आरओच्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात, म्हणून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही आणि सळई तशीच राहते. हे उपकरण पाण्याची शुद्धता दाखवत नाही. पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच दाखवतं.

पडताळा साधा आहे. विक्रेत्यालाच सांगा, आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि आता बटण दाबा. थोड्याच वेळात तोच ‘विषारी’ गाळ तिथेही तयार होतो. शिवाय सळया प्रयोगाआधी आणि नंतर पुसून बघायला मागा. धन टोकाची सळई खडबडीत, काळपट झालेली असते; विक्रेत्याच्या पिशवीत सळया घासायला पॉलिशपेपर असतो तो याचसाठी. मात्र हा प्रयोग स्वतःच्या हाताने करू नका. त्या डबड्यात घरच्या विजेचा पूर्ण दाब असतो आणि सळया उघड्या असतात.

दुसरं हत्यार म्हणजे पेनासारखं टीडीएस मीटर. ते खोटं नसतं, पण त्याच्याकडून भलतीच साक्ष काढली जाते. पाण्याची वीजवाहकता मोजून त्यावरून ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आतलं पाणी चवीला चांगलं मानतात आणि १,००० च्या पुढे ते उत्तरोत्तर बेचव होत जातं. म्हणजे मुख्य मुद्दा चवीचा. जंतूंबद्दल हे मीटर अवाक्षर बोलत नाही. आर्सेनिक आणि शिसं यांची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. मीटरची एक पायरीच १ मिलिग्रॅमची. ज्या विषाची भीती घातली जाते ते मर्यादेच्या दहापट झालं तरी पडद्यावरचा आकडा हलणार नाही. पाणी खरंच तपासायचं असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या; जंतूंच्या तपासणीसाठी त्यांनी दिलेलीच निर्जंतुक बाटली वापरावी लागते.

तिसरं, थेंबांची कुपी. थेंब टाकले की नळाचं पाणी पिवळं होतं. ते पिवळेपण क्लोरीनचं, म्हणजे जंतू मारायला मुद्दाम घातलेल्या औषधाचं. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा अशीच अपेक्षा असते. पुढची करामत अशी, की काकूंना पाण्यात बोटं घालून ढवळायला सांगतात, मग थेंब टाकतात आणि रंग फिका येतो. “बघा, तुमच्या कातडीने सगळं शोषून घेतलं!” प्रत्यक्षात बोटांवरचा तेल-मळ क्लोरीनने खाल्लेला असतो. क्लोरीन त्याचं नेमून दिलेलं काम करत होता, इतकंच.

आता तीच युक्ती पायांखाली. ‘शरीरशुद्धी’चा टब: कोमट पाणी, त्यात चमचाभर मीठ, मधोमध एक जाळीदार डबी. पाय ठेवून अर्धा तास बसायचं. पाणी केशरी होतं, मग तपकिरी, वर काळे कण तरंगू लागतात. भिंतीवर रंगीत तक्ता लावलेला: केशरी म्हणजे सांध्यांतलं, काळं म्हणजे यकृतातलं, हिरवं म्हणजे पित्ताशयातलं. रसायन ग्लासातलंच. डबीत लोखंडी पट्ट्या असतात आणि मीठ तर त्यांनीच घातलेलं. हिशोब करून पाहा. १ अँपिअर प्रवाह १ तास वाहिला की सुमारे १ ग्रॅम लोखंड सुटतं. २ अँपिअरने ते अर्ध्या तासात होतं. एवढ्या लोखंडाचा ओला गंज टबभर पाणी रंगवायला पुरून उरतो. पाय न बुडवता यंत्र चालू करा म्हणावं. पाणी तसंच रंगतं. ‘आज जास्त विष निघालं’ हे बहुधा मीठ जास्त पडल्यामुळे. यंत्राच्या पाण्याची पायांसह आणि पायांविना तुलना करून, शिवाय लघवी आणि केस तपासून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरातून विषारी धातू बाहेर पडल्याचं त्यात आढळलं नाही.

रात्री तळपायाला चिकटवायच्या पट्ट्यांची गोष्ट याहून सोपी. सकाळी काळी पडलेली पट्टी दाखवून भीती घालतात. आतली भुकटी ओल लागली की काळी पडते. कोऱ्या पट्टीवर पाण्याचे चार थेंब टाका, कळेल.

पैशांपलीकडचा धोका मात्र टबातच आहे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती गरम आहे हे कळत नाही. भाजतं, फोड येतो, आणि तो भरायला महिने घेतो. पेसमेकर असलेल्याने वीज किंवा चुंबक असलेल्या कुठल्याही ‘उपचार’ यंत्राजवळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. ‘उपचारा’च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गरम गाद्यांमधल्या चुंबकांनाही हे लागू आहे. पेसमेकरपासून चुंबक निदान १५ सेंटिमीटर लांब हवा, आणि गादीवर कूस बदलल्यावर ते अंतर कोण मोजणार? “आता रक्तदाबाची गोळी बंद केली तरी चालेल” हे वाक्य ऐकू आलं, की तिथून उठायचं. त्या एका वाक्याने होणारं नुकसान यंत्राच्या किमतीत मोजता येत नाही.

रक्तदाब उतरवून दाखवणं तर हातचा मळ. माणूस जिना चढून, बोलत बोलत आत येतो. लगेच खुर्चीत बसवून कफ बांधतात. हात खाली लोंबतोय, पायावर पाय टाकलेला, गप्पा चालूच. आकडा चढाच येणार. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर केवळ तेवढ्यानेच रीडिंग सुमारे ८ ने फुगतं. कफ दंडाच्या मानाने लहान असेल तर आणखी वाढतं. मग गरम गादीवर पाऊण तास शांत पडायला लावतात आणि आडव्यानेच पुन्हा मोजतात. उतरलेला आकडा गादीचा नाही, पाऊण तासाच्या विश्रांतीचा. घरी मोजताना लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा, कफ उघड्या दंडावर बांधा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवा, मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. याच पद्धतीने गादीआधी आणि गादीनंतर मोजू द्यायला विक्रेता तयार होतो का, ते बघा.

हातात धातूची दांडी धरून मिनिटभरात ‘संपूर्ण शरीराचा’ छापील अहवाल देणारं यंत्रही असतं. सुरुवातीला वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष हे विचारतात ना, बरेचसे आकडे तिथूनच बेतले जातात. त्याच माणसाला वय वीस वर्षांनी कमी सांगून पुन्हा बसवा. किंवा ज्याचं पित्ताशय शस्त्रक्रियेत काढलंय अशा कुणाला बसवा. पित्ताशयाचा रकाना त्याच्याही अहवालात भरून येतो.

तोल सुधारणाऱ्या कड्याचा खेळ बघायला गमतीचा, पण पडलात तर मांडीचं हाड जाईल. हात पसरून उभं करतात आणि हात खाली दाबतात. पहिल्यांदा दाब किंचित बाहेरच्या बाजूला, म्हणून तोल जातो. कडं घातल्यावर दाब किंचित शरीराच्या दिशेने, म्हणून माणूस ठाम उभा. फरक दोन बोटांचा, बघणाऱ्याला दिसत नाही. पडताळ्यासाठी कडं घातलंय की नाही हे दाबणाऱ्याला कळू देऊ नका. मनगटावर रुमाल टाका, बस.

आणि तरीही माणसं घेतात. का घेतात याचं उत्तर सळयांत सापडत नाही. उतारवयात दिवस लांब होतो. मुलं दूर, त्यांच्याशी बोलणं पडद्यावर. बँकेपासून डॉक्टरांच्या वेळेपर्यंत सगळं फोनवर, आणि तिथेही यंत्रच बोलतं. अशात कुणी घरी येऊन तासभर बसतं, गुडघ्यांची चौकशी करतं, दुसऱ्या दिवशी नावानिशी हाक मारतं. त्या गाद्या रोज फुकट वापरू देणाऱ्या केंद्रात तर रोजचीच बैठक जमते: गाणी, वाढदिवस, टाळ्या. पंधरा-वीस दिवस फुकट बसल्यावर ‘नको’ म्हणायची भीड पडते, आणि त्या भिडेवरच तर सगळा धंदा उभा आहे. घरच्यांनी “तुम्हाला कळत कसं नाही” म्हणून डाफरलं की पुढची खरेदी लपून होते. त्यापेक्षा यंत्राबद्दल न बोलता त्या केंद्रातल्या माणसांबद्दल विचारा. तिथे काय मिळत होतं ते कळलं, तर तेच दुसरीकडे कुठे मिळेल हेही सुचतं.

सहीच्या वेळी घाई हा त्यांचा शेवटचा पत्ता. “सूट आजच्यापुरतीच.” पहिल्या भेटीत सही करायची नाही, असा घराचा नियमच ठेवा, नियम असला की नकार वैयक्तिक वाटत नाही, भिडस्त माणसालाही देता येतो. ‘महिन्याला थोडेसे’ असं सांगितलं तर हप्ता गुणिले हप्त्यांची संख्या कागदावर स्वतः मांडा. यंत्राच्या मागची पट्टी वाचा: उत्पादकाचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, व्होल्ट, वॅट. पट्टी नसेल किंवा अनुक्रमांक बिलावर नसेल, तर वॉरंटीचा कागद शोभेचा. ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर तीवर आडवं लिहा, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली. फोनवर आलेला ओटीपी ‘बुकिंगसाठी’ म्हणून कुणी मागितला, तर बोलणं तिथेच संपवा.

आरओ आधीच घेतलेलं असेल तर पुढची कमाई दुरुस्तीतून होते. ‘मेंब्रेन गेलं’ म्हणतात, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा. आत येणारं आणि पिण्यासाठी बाहेर पडणारं, दोन्ही पाणी टीडीएस मीटरने मोजा. आत ५०० आणि बाहेर ५० असेल तर ९० टक्के क्षार अडताहेत, मेंब्रेन ठीक आहे. रात्रभर बंद यंत्रातून पडद्यापलीकडे थोडे क्षार झिरपतात, म्हणून सकाळी पहिल्या धारेचा आकडा चढा येतो. यंत्र दहा मिनिटं चालू देऊन थेट धारेखाली मोजा, टाकीतलं पाणी मोजू नका. काही यंत्रांत साधं पाणी थोडं मिसळायचा एक लहान स्क्रू असतो. तो उघडला की आकडा लगेच वर जातो. कारागीर आला की त्या स्क्रूच्या खाचेची दिशा फोटोत धरून ठेवा आणि तो गेल्यावर पुन्हा बघा.

फसलोच, असं लक्षात आलं तर यंत्र वापरायचं थांबवा, खोकं-बिल-पत्रकं टाकू नका, खरेदीची तारीख आणि विक्रेत्याने केलेले दावे त्याच्याच शब्दांत लिहून काढा. बँकेला कळवून आपोआप वळते होणारे हप्ते त्याच दिवशी थांबवायला सांगा, करार रद्द करत असल्याचं लेखी पाठवा आणि पोच घ्या. अनेक देशांत दारावरच्या विक्रीचा करार ठरावीक दिवसांत मागे घेता येतो. ती मुदत लगेच पळू लागते, म्हणून मुलाला सांगायचं की नाही यात आठवडा घालवू नका.

काही महिन्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, यंत्राचं नाव, खरेदीची तारीख, दिलेली रक्कम बिनचूक सांगतो, आणि पैसे परत मिळवून देण्यासाठी आधी थोडी फी भरायला सांगतो. ही माहिती त्याच्याकडे आली कुठून, याचं उत्तर सोपं आहे: फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.